चौथ्या पहाडावरचा राजपुत्र

उद्धव कसा माणूस होता असं कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगते की आयत्या बिळावर नागोबा ही म्हण त्याला पाहूनच कुणीतरी केली असावी. बीळ मी खणलं होतं. नखं माझी मोडली होती. तो आला, वेटोळं घालून बसला आणि गावानं त्यालाच दूध पाजलं. ते दूध मी त्याच्या नाकातोंडातून कसं काढलं, ते आज सांगते. ज्याला हे सूडाचं बोलणं वाटेल त्याला वाटू दे. सूडच होता तो.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही हकिकत. अमरावतीला अंबापेठेत बापूसाहेबांचा छापखाना होता. बापूसाहेब पेशानं वकील. दिवसा कोर्ट आणि संध्याकाळी छापखाना. तिथून ते 'रंजनदीप' नावाचं साप्ताहिक काढत. संपादकीय, बाजारभाव, कुणाच्या तरी मौंजीचं निमंत्रण, असा तो अंक असे आणि त्याच्या प्रती बहुधा पुड्या बांधायला जात. मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. एके दिवशी मी बापूसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, दर आठवड्याला एक पान द्या, मी चित्रांतून गोष्ट सांगते.

गोष्ट अशी होती. काळभुंगा नावाचा मांत्रिक एका कुंभारवाड्यावरून उडत जातो आणि सगळ्या माणसांच्या सावल्या गोळा करून नेतो. सावली गेली की माणसाला झोप लागत नाही, झाडाखाली बसलं तरी ऊन लागतं. अमरावतीच्या वैशाखात वाढलेल्या बाईला हे सुचायला फार डोकं लागत नाही. कुंभाराचा पोरगा वीरभानू त्या सावल्या परत आणायला निघतो. मधे सात पहाड. त्याला वाट दाखवते ती निळी. ती मांत्रिकाचीच मुलगी, बापाशी भांडून घर सोडलेली, पायात काटा रुतला तर बसून दातानं उपसणारी.

बापूसाहेबांना गोष्ट आवडली. "पण कुंभाराचा पोरगा नको," ते म्हणाले. "राजपुत्र कर. लोकांना राजपुत्र लागतो. आणि तुझं नाव लेखक म्हणून छापलं, तर उद्या तुझ्या वडिलांकडे एक स्थळ फिरकायचं नाही. मजकूर उद्धव साफ करील. नावही त्याचंच जाऊ दे."

उद्धव मूळचा अकोल्याचा. कायद्याचा अभ्यास करता करता बापूसाहेबांकडे मुद्रितं तपासायचा. दिसायला बरा, बोलायला फारच बरा. कविता करायचा आणि त्या म्हणताना डोळे मिटायचा. मग पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'लेखक : उद्धव' असं येऊ लागलं. माझं नाव कुठंच नव्हतं.

काम असं चालायचं. आधी मी लिनोलियमच्या तक्त्यावर चित्रं कोरायची. त्याचा ठोकळा छापखान्यात गेला की शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा शालिकराम खाली किती जागा उरली ते पाहायचा आणि तेवढ्याच ओळींचा मजकूर उद्धवनं द्यायचा. शालिकरामचा या बाबतीत एकच कायदा होता आणि तो बापूसाहेबांच्या कायद्याहून कडक होता. "ठोकळा आला का मजकूर त्याच्या मापानं," तो म्हणायचा. "मजकुरासाठी ठोकळा कापाचा नाई."

दुसऱ्या पहाडावर तहानलेल्या वीरभानूला पाणी द्यायला म्हणून मी एक राजकन्या काढली, रूपगंधा. एका चौकटीपुरती. पाणी देऊन ती घरी जायची होती. पण उद्धवनं तिच्या तोंडी एक उसासा घातला. झालं. पुढच्या आठवड्यात वाचकांची पोस्टकार्डं येऊन पडली. निम्म्या लोकांना वीरभानूनं रूपगंधेशी लग्न करायला हवं होतं, निम्मे निळीच्या बाजूचे. अकोल्यात म्हणे दोन नणंदा-भावजयांनी यावरून बोलणं टाकलं. मोर्शीच्या एका संत्र्याच्या बागायतदारानं अंक उशिरा आला म्हणून खास माणूस पाठवला.

बापूसाहेब हात चोळत म्हणाले, "भांडण लागलं की गर्दी होते. कोर्टातही तेच. उद्धव, आणखी एक राजकन्या येऊ दे."

आणखी एक आली. मग आणखी एक. प्रत्येक नवी कानामागून यायची आणि तिखट व्हायची. आणि इथंच माझ्या गोष्टीचं घोडं पेंड खाऊ लागलं. चौथ्या पहाडावर एक तळं होतं, त्याच्या काठी सगळा लवाजमा येऊन बसला तो उठेचना. या आठवड्यात हिनं तिच्या केसातलं फूल लपवलं, पुढच्या आठवड्यात तिनं हिची वीणा फोडली. वीरभानू मधोमध लोडाला टेकून. त्याला काही करावंच लागत नव्हतं, नुसतं कुणाकडे तरी पाहायचं आणि दुसरीनं जळायचं. माझी निळी, जी अंधारात वाघाच्या गुहेतून चालत गेली होती, ती आता 'नीलांबरी' झाली आणि झाडाआड उभी राहून पदराचं टोक चावू लागली. काळभुंगा कुठं गेला हे कुणी विचारत नव्हतं. सावल्यांवाचून तळमळणारं गाव तर वाचक विसरले आणि लेखकही विसरला. पाच बायका एका पुरुषाभोवती बसवल्या की बायकांची माती होते हे दिसतंच. पण पुरुषाचाही दगड होतो आणि गोष्ट त्या दगडाखाली चेंगरते, हे मला त्या तळ्याकाठी कळलं.

मी उद्धवशी भांडत होते, पण मन लावून नव्हे. कारण मी त्याच्यावर भाळले होते. सांगायला लाज कसली? तो म्हणायचा, "शेवटचा भाग येऊ दे प्रमोदिनी. त्यावर तुझं नाव घालू, लेखिका म्हणून. मग मी तुझ्या वडिलांना भेटतो." त्यातलं शेवटचं वाक्य ऐकून मी लाजायची, पण खरी भूक त्याच्या आधीच्या वाक्याची होती. माझ्या गोष्टीवर माझं नाव. तेवढ्यासाठी मी ती चौथी आणि पाचवीही राजकन्या मुकाट्यानं कोरली.

चौथीचं नाव कुमुदवती. ती कशी काढायची ते उद्धवनंच सांगितलं होतं. हनुवटीवर तीळ हवा, वेणी पुढं घेतलेली हवी आणि सतत रडवेली हवी. पाचवीही आल्यावरच्या एका अंकात ती वीरभानूच्या पायावर डोकं ठेवून रडली, आणि पुढच्या रविवारी माझ्या दारात कुंदा येऊन उभी राहिली.

कुंदा माझी बालमैत्रीण, अकोल्याला मास्तरीण झालेली. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. उद्धव तिच्या घराजवळचा, आणि तोच मला म्हणाला होता की कुंदा हात धुऊन त्याच्या मागं लागली आहे. तेव्हापासून मी तिचं नाव टाकलं होतं. तिनं उंबऱ्यातूनच अंक माझ्या अंगावर भिरकावला.

"हे काय काढून राहिली तू? हनुवटीवरचा तीळ माझा. वेणी पुढं घ्यायची खोड माझी. अन् मी त्याच्या पायावर डोकं ठेवून रडून राहिली? काहून?"

मी पाहिलं. तीळ तिचाच होता. इतके दिवस कोरताना मला दिसला नव्हता, कारण तिचा चेहरा आठवायचाच नाही असं मी ठरवलं होतं.

"काढलं मी," मी म्हटलं, "पण सांगितलं त्यानं. म्हणाला, अशी एक रडकी पाहिजे."

"रडकी?" ती मटकन खाली बसली. "मले तं म्हने, प्रमोदिनी माझ्या मागं लागली हाय, मी तिले टाळून राहिलो."

"मला म्हणाला, तू."

मग कुंदा हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. "अन् आता तो खुशालरावाच्या वच्छलाशी लगन करून राहिला. साऱ्या अकोल्याले मालूम हाय. तुले नाई?"

मला नव्हतं. खुशालराव म्हणजे अकोल्यातले, कापसाच्या जिनिंगचा कारखाना असलेले मोठे गृहस्थ. कुंदानं उरलेलंही सांगितलं. शेवटचा भाग निघाला की खुशालराव भावी जावयाचा जाहीर सत्कार करणार होते आणि सगळ्या गोष्टीचं पुस्तक काढणार होते.

"पुस्तकावर नाव?" मी विचारलं.

"त्याचं. आनखी कोनाचं?"

लग्न मोडलं म्हणून रडणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. मी रडले नाही. मला राग आला, आणि तो असा आला की कान तापले. तो नवरा म्हणून गेला तर गेला, वऱ्हाडात नवऱ्यांचा दुष्काळ नव्हता. पण पुस्तक निघालं की ती गोष्ट जन्माची त्याची होणार होती. माझी निळी कायमची पदर चावत उभी राहणार होती आणि पुस्तकाच्या पाठीवर डोळे मिटलेला उद्धव.

कुंदा म्हणाली, "चाल, वच्छलाच्या बापाले सांगू."

"कोण विश्वास ठेवील? दोन जळक्या पोरी म्हणतील. नाही कुंदा. त्यानं गोष्टीत चोरी केली, त्याला गोष्टीतच धरायचं."

कसं धरायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. ते उद्धवनंच माझ्या हातात आणून दिलं. शेवटच्या भागाच्या आधी तो छापखान्यात आला आणि भलताच गोड बोलू लागला. सासुरवाडीबद्दल अवाक्षर नाही. शेवटच्या भागाचा मजकूर त्यानं आधीच लिहून आणला होता. "एक मांडव काढ," तो म्हणाला. "पाचही जणी हातात वरमाला घेऊन. पाचवी, वत्सरेखा, मधोमध. पट्टराणी ती. मला उद्याच अकोल्याला निघायचंय, घरचं जरा काम आहे."

"आणि सावल्यांचं काय?" मी विचारलं.

"सावल्या?" तो माझ्याकडे पाहू लागला. "कोणत्या सावल्या?"

त्याच्या डोळ्यांत खोटं नव्हतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. मग म्हणाला, "हां, ते. घालू कुठंतरी एका ओळीत." आणि शालिकरामच्या टेबलावर मजकूर ठेवून तो गेला.

भुलाबाईचे दिवस होते. आमच्याकडे भाद्रपदातल्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. संध्याकाळी पोरी जमतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. त्यात खिरापत असते. आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं, ओळखेपर्यंत झाकण उघडायचं नाही. गोड का तिखट, कोरडं का ओलं, एकेक करत अंदाज बांधायचे. त्या दिवशी घरी येताना शेजारच्या ओसरीवर पोरी खिरापत ओळखत होत्या. मी तिथंच थांबले, आणि माझ्या गोष्टीचा शेवट मला मिळाला.

मांडव मी काढलाच नाही. पहिल्या चौकटीत तळ्याकाठी भुलाबाई मांडलेली, आणि पाची जणी एकमेकींचे हात धरून फेर धरताहेत. रडकी कुमुदवती सगळ्यांत पुढं, तोंडभर हसणारी. पुढच्या चौकटीत निळी झाकलेला डबा घेऊन वीरभानूपुढं उभी राहते आणि म्हणते, आत काय आहे ते ओळख, म्हणजे हवी तिच्याशी लग्न कर. तो म्हणतो, हिरे. नाही. अमृत. नाही. तुमची हृदयं. पाची जणी पोट धरून हसतात. मग निळी झाकण उघडते, आणि आतून सावल्या बाहेर पडतात. गावच्या माणसांच्या, म्हाताऱ्यांच्या, गुरांच्या. हा लोडाला टेकला होता तेव्हा बायकांनी उरलेले तीन पहाड चढून काळभुंग्याकडून त्या आणल्या होत्या. निळी आणि पाची जणी सावल्या घेऊन गावाच्या वाटेला लागतात. शेवटच्या चौकटीत वीरभानू एकटा, चौथ्या पहाडावर. त्याची स्वतःची सावलीही उठून बायकांच्या मागं चाललेली.

ते कोरताना हात जरासुद्धा अडखळला नाही. इतकी खुशी मला आयुष्यात कधी झाली नव्हती.

अंक छापायच्या सकाळी मी ठोकळे घेऊन छापखान्यात गेले. बापूसाहेब कोर्टात गेले होते. शालिकरामनं ठोकळे उलटसुलट करून पाहिले.

"हा तं मांडव नोहे."

"नाही."

"मंग उद्धवरावाचा मजकूर याच्यावर बसत नाई."

"नाही बसत."

"ते तं अकोल्याले गेले." त्यानं डोकं खाजवलं. मशीन थांबवणं त्याच्या कायद्यात नव्हतं आणि ठोकळा कापणं तर त्याहून नव्हतं. "तुमी देता का मजकूर?"

मी तिथंच उभ्यानं दिला. जुळवून झाल्यावर तो म्हणाला, "वर नाव कोनाचं ठेवू?"

"नेहमीचंच," मी म्हटलं. "लेखक उद्धव. अक्षरं जरा मोठी घाल."

सत्कार कोजागिरीच्या आदल्या दिवशी, जठारपेठेतल्या एका मांडवात होता. अंकांचा गठ्ठा दुपारीच अकोल्याला पोचला होता. कुंदाची शाळा सुटली तोवर तिच्या वर्गातल्या पोरींनी शेवटचा भाग पाठ केला होता आणि घराघरांतून तो मोठ्यानं वाचून झाला होता. खुशालरावांच्या आईला, पार्बताबाईंना, तो वच्छलानं स्वतः वाचून दाखवला. ज्यानं वाचला नाही असा साऱ्या अकोल्यात एकच माणूस होता. त्याला फेटा बांधणं चाललं होतं, आणि आपणच लिहिलेलं आपण काय वाचायचं, असा त्याचा हिशेब होता. बापूसाहेबही अंकात जाहिराती तेवढ्या पाहत.

मी बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसले. उद्धवनं मला पाहिलं आणि जरा चपापला, पण हार गळ्यात पडल्यावर सावरला. मग त्यानं भाषण केलं. या कथेचं बीज आपल्याला बालपणी एका स्वप्नात गवसलं, असं तो डोळे मिटून म्हणाला. मी दातावर दात धरून ऐकत होते.

भाषण संपलं तशी कुंदा उठली. पदर नीट करून, अगदी मास्तरणीच्या सुरात म्हणाली, "आमचा बायकांचा एक प्रश्न आहे. झाकलेल्या डब्यात काय होतं?"

"डब्यात?" उद्धव हसला. "काही गोष्टी लेखक वाचकाच्या कल्पनेवर सोडतो, ताई."

"सोडलं नाही. छापलंय."

मांडवात खसखस पिकली. उद्धवनं शेजारच्या खुर्चीतल्या बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेबांनी अंकासाठी खिसे चाचपले, खिशात अंक नव्हता. खुशालराव कौतुकानं म्हणाले, "सांगा नं जावईबापू, सांगून टाका. सारे वाट पाहून राहिले."

"अं... मंगळसूत्रं," उद्धव म्हणाला. "पाच."

"नाई," पुढं बसलेल्या पोरी एका आवाजात ओरडल्या. भुलाबाईचा खेळ त्यांना रोजचाच होता.

"अमृत."

"नाई." आता त्या टाळ्या वाजवू लागल्या.

"म्हणजे... त्यांची हृदयं, असं मला..."

पाटावर बसलेल्या म्हाताऱ्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अर्धा मांडव हसत होता आणि अर्धा त्याच्याकडे बघत होता. मंगळसूत्रं सोडली, तर माझ्या वीरभानूनं दिलेली उत्तरंच हा माणूस एकेक करून देत होता. उद्धवच्या कपाळावर घाम आला. त्यानं वच्छलाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली ती वर केली नाही.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. छापखान्यात ओळ सुचली नाही की तो असाच पाहायचा आणि मी हळूच शब्द पुढं सरकवायची. मी ओठ हलवले असते तरी त्याला कळलं असतं. तो अक्षरशः हात जोडल्यासारखा पाहत होता. मी ओठ मिटून त्याच्याकडे पाहत राहिले. फार गोड वाटलं मला ते. आजही वाटतं.

पार्बताबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण गोष्ट कशी सांगतात ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"अरे, याले मालूमच नाई," त्या मुलाला म्हणाल्या. "ज्याच्यासाठी घर सोडून निंघाला, थेच याले आठवत नाई. खुशाल, हे कहानी याची नोहे."

खुशालरावांचा चेहरा उतरला. "मंग कोनाची हाय?"

बापूसाहेबांना घसा साफ करायचं सुचलं. उद्धवनं गळ्यातला हार धरला आणि खुर्ची मागं सारली. मी उभी राहिले.

"माझी," मी म्हटलं.

कुंदानं माझ्यासाठी रांगेतून वाट करून दिली. मी व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. उद्धव मागच्या बाजूनं उतरायला निघाला होता. त्याच्या फेट्याचा शेमला सुटून खांद्यावर लोंबत होता.

"बसा, उद्धवराव," मी म्हटलं. "शेवट तुम्हालाही ऐकायचाय."

तिकडच्या पायऱ्यांशी खुशालराव उभे होते. उद्धव परत येऊन खुर्चीवर बसला, आणि मी पहिल्या पहाडापासून सुरुवात केली.